मुक्कामी

चाळीचं दार उघडलं की आधी वास सांगतो
किती उरले, किती गेले.
उन्हाळ कांदा एप्रिलात भरला होता,
आता मार्गशीर्ष लागला
आणि कोंब जाळीतून बाहेर आलेत,
स्टँड यायच्या आधीच उठून
दाराशी दाटणाऱ्या पॅसेंजरांसारखे.
बसा म्हटलं तरी बसत नाहीत.

एकतीस वर्षं तिकिटं फाडली.
निफाड, पिंपळगाव, वणी, परत निफाड.
जाता-येता शेत खिडकीतून दिसायचं.
आता हे तीस गुंठे माझ्याकडे बघतात
आणि सुट्टे मागतात.

ठकूबाई बोरस्ते बांधावरून शिकवतात:
कोंबाळलेला आजच चिर, पातळ चिर,
पत्र्यावर पसर,
दहिवर पडायच्या आत उचल.
तीन उन्हं बास.
मी तीन मोजली. तिसरं ढगात गेलं.
निम्म्या कापांवर काळी बुरशी धरली.
त्यांनी नखानं एक काप उलटवला, म्हणाल्या,
हे उकिरड्यावर.
लाजतो काय, भाऊ, पहिलंच वरीस तुझं.

बाजरी कणगीत गेली, लिंबाच्या पाल्याचा थर देऊन.
उडदाला राख चोळली,
तळहात अजून करडेच आहेत.
एक दुधी बियांसाठी मांडवावर सोडला होता,
तो आता हलवला की वाजतो,
जणू आत कुणी चिल्लर मोजतंय.
माझ्या जुन्या कातडी पिशवीचे कप्पे
असे मोकळेच होते, त्यांत बी बसवलं.
पाचाच्या जागी वाल, दहाच्या जागी घोसाळी,
आणि शंभराची नोट ज्या चोरकप्प्यात घालायचो
तिथे चिमूटभर लाल अंबाडी,
ठकूबाईंनी उसनी दिलेली.

घंटीची दोरी गॅरेजवाल्यानं कापून दिली होती,
आठवण म्हणून.
तिच्यावर कणसं बांधली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
दोन्ही टोकांना करवंट्या ओवल्या, उंदीर उतरू नये म्हणून.
ओढून पाहिली एकदा.
कणसं एकमेकांना घासली, बाकी काही नाही.

गोठ्याला बारदानाचा पडदा शिवला.
दाभण अंगठ्यात गेलं.
वासरू पडदा चाटत बसतं,
त्याला वाटतं, खायलाच लावलाय.

मग परवाची रात्र.
तीनला जाग आली, ड्यूटीला यायची तशीच.
हवा पत्र्यासारखी ताठ.
बोरस्त्यांच्या बागेत मणी नुकता धरलेला,
आणि बांधावर ठकूबाई एकट्या,
ओल्या पालापाचोळ्याला फुंकर घालत.
मी मक्याची ताटं ओढत नेली.
चारी कोपऱ्यांना धूर केला.
धूर वर गेला नाही,
वेलींच्या पायाशी बसून राहिला, जनावरासारखा.

पाराजवळ मुक्कामी गाडी खोकत होती.
सुरूच होईना.
ड्रायव्हर रंगनाथ सानप कानटोपी सावरत आला,
दोन्ही पंजे जाळावर धरले.
मास्तर, तुम्ही अजून पहिल्या गाडीलाच उठता?
त्याच्यामागून दुधाचा कॅनवाला,
नर्सिंगच्या दोन पोरी,
निफाडच्या कोर्टात तारीख असलेले एक आजोबा.
सगळे शेकले. कुणी फारसं बोललं नाही.
ठकूबाईंनी राखेत भाजलेला कांदा
सोलून हातोहात फिरवला.

मग आम्ही गाडी लोटली.
उतार लागला, इंजिन धरलं,
चढा, चढा, मीच ओरडत होतो,
आणि शेवटची पोर आत गेली तसा
हात आपोआप मागच्या पत्र्यावर बसला,
दोनदा.
सानपनं गिअर टाकला.
लाल पत्र्यावर माझे राखेचे दोन पंजे
निफाडच्या वाटेला लागले.

दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो.
घरी आलो तेव्हा उजाडत होतं,
पत्र्यावर कालचे काप तसेच पसरलेले,
दहिवरानं चिंब.